कार्ड बसलं

"दोन बोटं जास्त हाय," दादा म्हणाले.

मी अजून पट्टीच शोधत होते. दादा, म्हणजे माझे वडील, खिडकीखाली पाटावर बसले होते, माझ्यापासून चार हात लांब, आणि तिथूनच त्यांनी नजरेनं माप सांगितलं होतं. पट्टी सापडली, लावून बघितली. ग्राफिक्स कार्ड साडेनऊ इंच आणि कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये जागा सव्वाआठ. हार्ड डिस्कचा पत्र्याचा खण पुढून आडवा येत होता.

"आता गं?" आई दारातून म्हणाली. तिच्या हाताला पीठ होतं. "आणायच्या आधी मोजायचं न्हाई व्हय? झंपर शिवायला टाकताना सुदिक माणूस माप देतं."

"खण काढते."

"आन् मोडलं तर?"

"मोडलं तर मोडलं. चार वाजता अप्पा येणारेत."

चार वाजता अप्पा येणार. त्या शनिवारी आमच्या घरातलं प्रत्येक बोलणं याच्यावर येऊन टेकत होतं, ओवी जशी 'गं बाई'वर येऊन टेकते तसं.

खणाला चार स्क्रू होते. तीन सुटले, चौथ्याला गंज चढलेला. मी पेचकस घालून पिळत राहिले, हात घसरत राहिला, तळव्यावर लाल वळ उठला. दादा उठले, आपली जुनी पक्कड घेऊन आले, स्क्रूचं डोकं धरलं आणि एकदाच, सावकाश फिरवलं. सुटला. ते परत पाटावर जाऊन बसले. मी हार्ड डिस्क तळाशी एका फळीच्या तुकड्यावर ठेवली, दोऱ्यानं बांधली. कार्ड आता विनाअडथळा आत गेलं. मदरबोर्डावरच्या लांब खाचेवर ते नीट धरलं आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. टक्, असा बारीक आवाज आला. खाचेच्या टोकाची खिट्टी वर येऊन उभी राहिली.

"बसलं," मी म्हणाले.

याला आता बारा वर्षं झाली.

सोलापूरच्या पूर्व भागात आमचं घर. आम्ही साळी, विणकर. 'कार्ड' हा शब्द आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासून नांदत होता, पण ते कार्ड वेगळं. पुठ्ठ्याची हातभर पट्टी आणि तिच्यावर भोकं. जेकार्डच्या मागावर अशा हजारो पट्ट्यांची माळ फिरते. भोक असेल तिथं धागा वर उचलला जातो, कोरं असेल तिथं खाली राहतो. एवढ्याशा गोष्टीवर चादरीवर फूल उमलतं, भिंतीवर टांगायच्या कापडात मोर उभा राहतो. माझे वडील भानुदास दिवटे तीस वर्षं ती भोकं पाडत होते. समोर चौकोनांचा कागद, पायाखाली पंचिंगचं मशीन, आणि ओठांत पुटपुटणं: भोक, भोक, कोरं, भोक. आई त्या पट्ट्या दोऱ्यानं एकीला एक शिवायची. शिवता शिवता म्हणायची:

भोकापाशी धागा चढे, कोऱ्यापाशी गं बसतो
धन्याच्या माझ्या हाती कोरा कागद हसतो

मग कारखान्यांत कॉम्प्युटर आले आणि पुठ्ठ्याची कार्डं थांबली. दादांच्या कारखान्याचे मालक सिद्रामप्पा, सगळ्यांचे अप्पा, माणूस तसा जुन्याला धरून. त्यांनी दादांना स्वतःहून कॉम्प्युटरच्या क्लासला पाठवलं. दादा दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी क्लासच्या वेळेला घरीच.

"का हो?" आईनं विचारलं.

"आपलं काम न्हवं ते."

बस्स. आम्ही समजलो, मानी माणूस आहे. हाताखाली पाच पोरं तयार केलेला कारागीर पोरासोरांच्या बाकावर कसा बसेल? कुणी परत विचारलं नाही. त्याला दोन वर्षं होऊन गेली होती, आणि दादा घरी बसून होते.

त्याच क्लासला जाऊन मी शिकले. आमच्या चौकातला एक नेट कॅफे बंद पडला, त्याचं एक मशीन आमच्या घरी आलं. दादांचं सगळ्यात नावाजलेलं डिझाइन म्हणजे झाडाखालची जोड-हरणं. त्याच्या पट्ट्या माळ्यावर होत्या, पण निम्म्या वाळवीनं खाल्लेल्या. उरलेल्या पट्ट्या मी दादांकडून वाचून घेतल्या. ते भोक-कोरं सांगत गेले, मी वहीत उतरवून घेत गेले आणि मग क्लासच्या मशीनवर चौकोन भरले. वाळवीनं खाल्लेलं मी माझ्या मनानं भरलं. कागदावर छापून अप्पांकडे नेलं तर अप्पांनी चष्मा वर-खाली केला.

"मला ह्या चौकोनांतलं काय कळत न्हाई गं पोरी. कापड दाखव. विणल्यावर कसं दिसंल ते. पटलं तर वर्षभर डिझाइनचं काम तुला आन् तुझ्या बापाला. पण शनिवारी चारपर्यंत. रविवारी मी बाहेरगावी निघालो, तिथं एक डिझायनर बघून ठेवलाय."

कापड दाखवणारी खिडकी डिझाइनच्या त्या प्रोग्राममध्ये होती. आमच्या मशीनवर तिला हात लावला की सगळा प्रोग्रामच मिटून जायचा. तिला मोठं कार्ड लागतं, असं नवी पेठेतल्या कॉम्प्युटरवाल्या यासीनभाईंनी सांगितलं, आणि एक वापरलेलं दिलंही.

आणि सोमवारपासून दादा होटगी रोडच्या एका गोदामावर वॉचमन म्हणून जाणार होते. रात्रपाळी. शब्द देऊन आले होते. वॉचमनचं काम वाईट, असं माझं म्हणणं नव्हतं. पण हजार चौकोनांतला एक चुकलेला चौकोन लांबून हेरणारे ते डोळे रोज रात्रभर एका बंद फाटकाकडे बघत बसणार, हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. अप्पांनी 'हो' म्हटलं तर ते फाटक टळणार होतं. एवढंच.

तर कार्ड बसलं. आता मॉनिटरची वायर.

मॉनिटर जुना, त्याच्या वायरीला निळं तोंड, त्यात पंधरा बारीक काड्या. कार्डाच्या पाठीला निळं तोंडच नाही! एक पांढरं रुंद, एक काळं चपटं. यासीनभाईंनी पांढऱ्याचं निळं करणारा एक जोड दिला होता. तो आत जाईना. उलटा धरला, सुलटा धरला. मोबाइलची बॅटरी लावून मी त्याच्याशी झटत होते, तेवढ्यात मानेजवळ दादांचा श्वास जाणवला. कधी उठून आले कळलंही नव्हतं.

"ह्याला चार काड्या जादा हायत," ते म्हणाले. "आन् तिथं कोरं हाय. भोकच न्हाई तर काडी जाईल कुठं?"

बघते तर खरंच.

"मी पेठेत जाऊन येते. दादा, एवढं करा. कार्ड मागच्या पत्र्याला धरून ठेवायचा स्क्रू खाटेखाली घरंगळलाय. सापडला तर लावून ठेवाल?"

दादांनी मान हलवली.

यासीनभाईंनी जोड हातात घेतला आणि कपाळावर हात मारून घेतला. "माझंच चुकलं ताई. हे कार्ड पक्कं डिजिटल. त्याला हा साधा जोड चालत न्हाई. डबीवाला लागतो." त्यांनी काडेपेटीएवढी एक डबी दिली. एका बाजूनं चपटं तोंड, दुसऱ्या बाजूनं निळं. "हे लावा आन् मला फोन करू नका."

"का?"

"चाललं तर लोक फोन करत न्हाईत, म्हणून."

घरी पोचले तेव्हा साडेबारा वाजले होते. स्क्रू लागलेला होता, कॅबिनेटभोवतीचा केरसुद्धा कुणीतरी काढला होता.

"बसलं का दादा?"

"बसलं," दादा म्हणाले.

मी डबी जोडली, निळी वायर जोडली, बटण दाबलं. कार्डावरचे दोन्ही पंखे भर्रकन फिरायला लागले. आईनं पदर सावरून हात जोडले. मॉनिटरवर एक चौकट आली, डावीकडून उजवीकडे सरकली आणि तिच्यात लिहिलेलं होतं की सिग्नल नाही. मग अंधार.

"नमस्कार जरा लवकर झाला," आई म्हणाली.

मी बंद केलं. परत चालू केलं. चौकट, अंधार. डबी काढून परत लावली. वायरीचं तोंड फुंकलं. कार्डाला वेगळी वीज देणारी सहा तारांची वायर उपसून परत घातली. चौकट, अंधार. मग मॉनिटरची वायर कार्डावरून काढून मशीनच्या मूळच्या, जुन्या तोंडात घातली. लगेच चित्र आलं! म्हणजे मशीन जिवंत, मॉनिटर जिवंत, वायर जिवंत. कापडाची खिडकी उघडायला गेले तर प्रोग्राम नेहमीसारखा मिटला. मशीनच्या यादीत नव्या कार्डाचं नावच नव्हतं. पंखे फिरत होते आणि मशीनला त्याचा पत्ताच नव्हता.

दीड वाजला. आईनं भाकरी वाढली. मी एका हातानं खाल्ली.

मी वही घेतली आणि लिहायला लागले. डबी: बघितली. वीज: बघितली. वायर: बघितली. एकेका ओळीपुढे बरोबरची खूण करत गेले. डबी बिघडलेली असेल म्हणून खालच्या गल्लीतल्या कोटाकाकूंकडे गेले, त्यांच्या घरी नवा टीव्ही होता. "काकू, पाच मिनिटं." टीव्ही उचलून आणायला त्या नको म्हणाल्या, पण त्याची चपटी वायर आणि मुलाचा छोटा नवा मॉनिटर दिला. तो डबीशिवाय थेट कार्डाला जोडला. अंधार. म्हणजे डबीही निर्दोष. तिच्यापुढे दुसरी खूण.

अडीच. यासीनभाईंना फोन लावला.

"केलाच फोन," ते म्हणाले.

"अंधार आहे, यासीनभाई."

"कार्ड बसलं का?"

"बसलंय."

"या अल्ला! काल दुकानात चांगलं चाललं की. बसलं म्हणजे, पंखे पण बंद?"

"पंखे फिरतायत हो!"

"मग बसलं कुठं?"

"खाचेत बसलं!"

पलीकडे ते खो-खो हसत सुटले. "ताई, आपली मराठी पण अशी हाय बघा. धंदा बसला तर वाईट, आवाज बसला तर वाईट, भिंत बसली तर वाईट. आन् कार्ड बसलं तर चांगलं! बरं, खाचेत बसलंय ना नक्की?"

"सकाळी मीच बसवलं. खिट्टीचा आवाज आला."

"त्यानंतर काढलं कुणी?"

"कुणी काढणार? स्क्रू लावलाय."

"मग मात्र कार्डच बसलं असंल," ते हळू आवाजात म्हणाले. "वाईटातलं बसलं. सोमवारी घेऊन या, बदलून देतो."

"सोमवारी नको. आज पाहिजे."

"आज दुसरं न्हाई ताई माझ्याकडं."

मी फोन ठेवला. वहीत पुढची ओळ लिहायला पेन टेकवलं आणि लिहायला काही उरलंच नव्हतं. आई फोनचं बोलणं ऐकत उभी होती. आमची आई वाईट नव्हती, पण काळजीनं तिची जीभ तिखट व्हायची.

"घ्या," ती म्हणाली. "घरात एक बसलेलं हुतंच. आता हे दुसरं बसलं."

तिच्या तोंडून ते निघून गेलं आणि निघाल्यावर तिचं तिलाच लागलं. ती वळून चुलीकडे गेली. उगाच एक भांडं इकडून तिकडं ठेवल्याचा आवाज आला. दादा पाटावर बसून होते, मान खाली. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. वहीतली पहिली ओळ परत वाचायला घेतली. सगळं पहिल्यापासून करायचं, दुसरं काय!

"वैजू."

"हं."

"ते कार्ड मी काढलं हुतं."

पेन हातातच राहिलं. "कधी?"

"तू पेठेत गेलीस तवा. स्क्रू लावायला गेलो, आन् काढलं."

"कशाला दादा?"

दादांनी खिडकीकडे तोंड केलं. "भोकं बघायला."

मी पेन वहीत ठेवलं.

"सगळे कार्ड कार्ड म्हनायलेत आठ दिवस," ते म्हणाले. "माझी हरणं त्या कार्डावनं उमटणार म्हनायलेत. म्हटलं, बघावं तरी, भोकं कशी पाडलीत, बारीक हायत का, वळी किती. ह्या खिडकीत उजेडाला धरून बघितलं. चांगलं इकडून तिकडून. उजेड आरपार येतोय असं एक भोक न्हाई गं त्याला." पुढं म्हणाले, "मग हुतं तसं परत ठिवलं. स्क्रू लावला."

"ठेवलंत की दाबलंत?"

"कार्ड दाबत असत्यात व्हय? दाबलं की पुठ्ठा चेमटतो, भोक वाकडं हुतं. तीस वर्षं पोरांना हेच शिकवलं. कार्ड टेकवायचं. टेकवलं की बसतं."

सव्वातीन वाजत आले होते. तीन तास मी सगळं गाव पालथं घातलं होतं, आणि 'बसलं का' विचारल्यावर दादांनी मला अगदी खरं उत्तर दिलं होतं.

मी मशीनचं बटण बंद केलं, भिंतीतली पिन काढली आणि कॅबिनेट आडवं केलं. बॅटरी जवळ नेऊन खाचेत उजेड पाडला. पंख्यांच्या सावलीत, शेपटीच्या बाजूला, कार्ड आणि खाच यांच्यामध्ये तांदळाएवढी फट होती. खिट्टी पडलेली. मी स्क्रू काढला.

"दादा, इकडं या."

"तूच कर गं."

"नाही. तुम्ही."

"माझ्या हातानं एकदा बिघडलं की."

"म्हणूनच तुम्ही."

ते आले. गुडघे टेकून बसले. मी त्यांचे दोन्ही अंगठे कार्डाच्या काठावर ठेवले. अंगठे जाड, टोकाला चपटे झालेले. तीस वर्षांच्या पंचिंगनं ते तसे केलेले.

"दाबा."

दाबलं, म्हणजे नुसतं टेकवलं.

"अजून."

"मोडंल."

"नाही मोडत. हे पुठ्ठ्याचं नाही. जोर लावा, दादा."

"लई झालं गं!"

"अजून!"

टक्.

दादांनी चटकन हात मागे घेतला. "मोडलं?"

"बसलं," मी म्हणाले. "आता बसलं."

बटण दाबलं. पंखे फिरले. मॉनिटरवर क्षणभर काहीच नाही, आणि मग काळ्यावर पांढरी अक्षरं सरसर उतरू लागली. आई चुलीपासून धावत आली. या वेळी तिनं हात जोडले नाहीत, तोंडावर पदर धरून उभी राहिली. मी प्रोग्राम उघडला, डिझाइन उघडलं आणि कापडाच्या खिडकीवर बाण नेला.

उघडली. पडद्यावर कापड होतं. धागा न् धागा दिसत होता. झाडाची पानं, खाली गवत, आणि दोन हरणं. एक मागं वळून बघणारं, एक सरळ पुढं बघणारं.

"आई गं," आई म्हणाली. "जशीच्या तशी."

दादा पडद्याच्या जवळ आले, मग मागे गेले, मग परत जवळ आले. मला वाटलं डोळे भरून आलेत.

बरोबर चारला अप्पांची गाडी थांबली. पांढरं धोतर, पांढरा सदरा, हातात रुमाल. दारातच म्हणाले, "काय भानुदास, बरं हाय ना? चहा नको वैनी, लगेच निघायचंय. दाखव पोरी."

मी दाखवलं. अप्पा खुर्चीत पुढं सरकले. मी कापड जवळ आणलं, लांब नेलं, रंग बदलून दाखवला, तांबड्याचा निळा केला.

"वा," अप्पा म्हणाले. "हे कसं, हातात घेतल्यासारखं वाटतंय. झालं तर मग. पोरी, सोमवारपासून–"

"अप्पा, हे घेऊ नका," दादा म्हणाले.

आईच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला.

"का रे?" अप्पा वळले.

"सहा महिन्यांत फुटंल हे कापड." दादा पुढे झाले. पडद्याला हात न लावता त्यांनी पुढं बघणाऱ्या हरणाच्या मानेवरून हवेतच बोट फिरवलं. "हितं बघा. मान सरळ केलीय. ह्या टोकापासनं त्या टोकापतुर धागा मोकळा चाललाय, एवढा लांब. कुणाचं नख लागलं, बांगडी अडकली, की ओढला. मधी टाका घालून बांधावा तर हरणाच्या मानेवर ठिपके दिसत्यात, देवी आल्यावानी."

अप्पा वाकून बघायला लागले. मीही. वाळवीनं खाल्लेली बाजू तीच होती. ती मान मी माझ्या मनानं सरळ केली होती, कारण दोन्ही हरणं सारखी नकोत असं मला वाटलं होतं.

"मूळच्यात दोन्ही मागं बघत्यात, न्हाई का?" अप्पांनी विचारलं.

"दोन्ही मागं वळून. मान वळली की धागे तुकड्या-तुकड्यानं जात्यात. घट्ट बसत्यात."

अप्पा सरळ झाले, म्हणाले, "वीस वर्षं ते कापड माझ्या हाफिसात टांगलंय, भानुदास. मला वाटायचं, हरणं कुणाची तरी चाहूल लागली म्हणून मागं बघायलीत."

"न्हाई अप्पा. धागा सुटू नये म्हणून बघायलीत."

अप्पांनी रुमालानं चष्मा पुसला. त्यांना रागवायचं होतं की हसायचं होतं, मला ओळखता येईना.

"धंद्यात मला आजवर 'हे घेऊ नका' म्हणणारा माणूस भेटला न्हवता," ते म्हणाले. "बरं झालं, घरचाच निघाला. मान वळवून द्या. मी बुधवारी परत आलो की बघतो. दुसऱ्या डिझायनरला आता भेटत न्हाई. पण अट एक. पोरगी मशीन चालवंल, आन् प्रत्येक डिझाइनवर सही तुझी पाहिजे. सोमवारपासून बसा दोघं."

"सोमवारी मला..." दादा अडखळले. "सोमवारी मी गोदामावर..."

"गोदामावर?" अप्पा म्हणाले.

"काय न्हाई हो अप्पा," आई तांब्या पुढं करत मधेच म्हणाली. "ते कुठं जात न्हाईत. सोमवारी घरीच बसलेले असत्यात. गोदामवाल्याला मी सांगती काय सांगायचं ते."

दादांनी आईकडे बघितलं. आई अप्पांच्या पेल्यात पाणी ओतत राहिली, पेला भरून वाहिला तरी.

अप्पा गेले. आई त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेली आणि तिथंच शेजारणीला पकडून उभी राहिली, तिचा आवाज घरापर्यंत येत होता. मी खुर्चीत बसले. पाय आता कुठं दुखायला लागले होते.

"चला दादा, मान वळवू," मी म्हणाले. "बसा इथं. तुम्ही माऊस धरा."

"मी?"

"मला कुठं माहितीय ती मान?"

ते खुर्चीच्या अगदी कडेला टेकले. माऊसवर हात ठेवला, पाखराच्या अंगावर ठेवावा तसा. मी जुनी मान पुसून तिथं कोरं केलं. दादांनी बाण नेला, थांबवला, परत हलवला. बटण दाबलं. एक तपकिरी चौकोन उमटला, जिथं पाहिजे होता त्याच्या एक घर खाली.

"च्च!" दादांनी चटका बसल्यासारखा हात उचलला. "गेलं! वाया गेलं सगळं."

"काही वाया गेलं नाही. कीबोर्डवरची ही दोन बटणं एकदम दाबा. हे आणि हे."

त्यांनी दाबली. चौकोन नाहीसा झाला.

दादा पडद्याकडे बघत राहिले. मग मुद्दाम एक चौकोन भलत्याच ठिकाणी टाकला, झाडाच्या बुंध्यात. दोन बटणं दाबली. गेला. एकदम पाच टाकले, आभाळात, गवतात, कुठंही. पाच वेळा बटणं दाबली. पाचही गेले. मागं डाग नाही, ठिगळ नाही.

"कितीबी चुका केल्या तरी?" त्यांनी विचारलं.

"कितीही."

"भोक बुजतं?"

"पडलंच नव्हतं असं होतं."

त्यांनी माऊस सोडला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. "क्लासातल्या त्या मास्तरनं हे सांगितलंच न्हाई," ते म्हणाले. "आमच्यात एक भोक चुकलं की अख्खी पट्टी फेकायची. मला वाटलं, एवढं मोठं मशीन, आपलं एक बोट चुकीचं पडलं की गेलं सगळं. तिथं बसलो की हात असा लटालटा कापायचा." बाहेर आईचं हसू ऐकू आलं. दादा पडद्यावरच्या कोऱ्या जागेकडे बघत म्हणाले, "मग दोन वर्षं मी भ्यालो कशाला गं?"

उत्तराची त्यांनी वाट बघितली नाही. त्यांचा हात परत माऊसवर गेला, आणि बाण सावकाश, थरथरत, हरणाच्या मानेची जागा शोधायला लागला.